सहावं की सातवं? जनुकांच्या नोंदवहीतले पाठभेद

मंडळाच्या अभ्यासबैठकीसाठी ‘पाठभेद’ हा विषय माझ्या वाट्याला आला, तेव्हा मी दोन उदाहरणं तयार ठेवली होती. पहिलं ज्ञानेश्वरीचं. शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांनी वेगवेगळ्या पोथ्या ताडून ती शुद्ध केली आणि पुढे कुणी तीत आपली ओवी घुसडू नये असं बजावून ठेवलं. दुसरं आपल्या फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाचं. ते १६१६ साली राशोलला छापलं गेलं, १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं गेलं, पण या छापील प्रतींतली एकही आज हाती नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून सिद्ध केलेलं पुराण. हस्तलिखितं म्हटली की लेखनिक आले आणि लेखनिक आले की पाठभेद आले.

त्याच आठवड्यात सौसरहून माझ्या आतेबहिणीचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या हातात दोन रिपोर्ट होते. “तुले इंग्रजी येते ना, मंग सांग बरं हे काय लिवलं हाये.” रिपोर्टचे फोटो आले. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. ते समजून घेताना मी ज्या ठिकाणी पोचले, तिथेही पाठभेदच होते. म्हणून बैठकीत मी एकनाथ आणि स्टीफन्स थोडक्यात आटोपले आणि जनुकांच्या डेटाबेसवर बोलले. काहींनी नाकं मुरडली, पण नंतर सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. तेच टिपण इथे सविस्तर देते.

आधी रिपोर्ट. पांढुर्णा-सौसर हा पट्टा संत्र्यांचा आणि कापसाचा म्हणून लोकांना माहीत असतो, आणि गोटमारीच्या दिवशी टीव्हीवरही दिसतो. पण आमच्याकडे घराघरांत ऐकू येणारा आणखी एक शब्द आहे, सिकल सेल. भारतात हा आजार प्रथम १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकल सेल वाहकांबद्दल लिहिलं. तेव्हापासून विदर्भ आणि त्याला लागून असलेला आमचा भाग या नकाशावर कायमचा आहे. केंद्र सरकारचं सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं तेही मध्य प्रदेशातूनच, १ जुलै २०२३ रोजी शहडोलला. शिबिरं भरतात, बोटाला सुई टोचतात, कार्ड मिळतं.

ताई ‘एएस’ निघाली, म्हणजे वाहक. आजारी नाही, पण बदललेलं जनुक तिच्याकडे आहे. मुलाची जी पहिली तपासणी झाली, तिच्यावर ‘सॉल्युबिलिटी निगेटिव्ह’ असं लिहिलं होतं. घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आत्या म्हणाली, “निगेटिव म्हंजे नॉर्मलच ना?” ज्या प्रयोगशाळेतून तो कागद आला, तिथल्या माणसानेही हो म्हणून मान हलवली होती.

निगेटिव्ह म्हणजे नॉर्मल नव्हे. सॉल्युबिलिटीची चाचणी एकच प्रश्न विचारते, या रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे का? दुसरं काही आहे का, हे ती विचारतच नाही. सुदैवाने गावातल्या एका परिचारिकेने हट्ट धरून मुलाची एचपीएलसी करायला लावली. या यंत्रात रक्तातली हिमोग्लोबिनं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर उंचवटे उमटतात. मुलाच्या कागदावर एक जास्तीचा उंचवटा होता. खाली लिहिलं होतं, ‘एचबी डी-पंजाब’.

यावर आमच्या घरात जे झालं ते नाटकात शोभलं असतं. “पंजाब? त्यांच्या पाच पिढ्यांत कोनी नागपूरच्या पुढे गेलं नाही!” मुलाच्या आईला वाटलं की रिपोर्ट बदलला. एका काकांनी तर मुलाच्या आजोबांबद्दल नको ती शंका काढली. एका नावाने केवढा घोळ!

या नावाचा खुलासा मला एचबीव्हार नावाच्या डेटाबेसमध्ये मिळाला. हिमोग्लोबिनचे प्रकार आणि थॅलेसेमिया घडवणारे बदल यांची ही नोंदवही. तिची मुळं छापील पुस्तकात आहेत. टायटस हुइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभर सापडलेल्या हिमोग्लोबिनांची यादी १९९६ साली अमेरिकेतल्या ऑगस्टा इथून पुस्तकरूपाने काढली होती. पण छापील यादी छापखान्यातून बाहेर पडते त्या दिवशीच जुनी होते. म्हणून २००१च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी मिळून त्या मजकुरावरून ऑनलाइन डेटाबेस उभा केला. आज त्यात हिमोग्लोबिनचे हजाराहून अधिक प्रकार आहेत.

‘डी-पंजाब’ची नोंद उघडली की नावांची रांगच दिसते: डी-लॉस एंजेलिस, डी-शिकागो, डी-पोर्तुगाल आणि आणखी काही. हे सगळे एकच. सुरुवातीला नव्या हिमोग्लोबिनांना इंग्रजी अक्षरं देत. एस, सी, डी, ई असं करत करत अक्षरं संपत आली, तेव्हा ज्या गावात किंवा ज्या लोकांत सापडलं त्याचं नाव द्यायची प्रथा पडली. १९५१ साली इटानो यांनी लॉस एंजेलिसच्या एका कुटुंबात ‘डी’ शोधलं. पुढे ते पंजाबात पुष्कळ लोकांत आढळलं. वेगवेगळ्या शहरांतल्या डॉक्टरांना ते आपापल्या दवाखान्यात भेटलं आणि प्रत्येकाने बारसं केलं. नंतर रचना तपासली तेव्हा कळलं की बाळ एकच आहे. डेटाबेस चालवणाऱ्यांनी काय केलं? चार नावं पुसली नाहीत. एक नोंद ठेवली, बाकीची नावं तिच्यातच उपनावं म्हणून लिहिली. कारण १९६०चा कुणाचा लेख हातात घेऊन कुणी ‘डी-शिकागो’ शोधायला आला, तर त्यालाही घर सापडलं पाहिजे. नाव कुळाचं नाही, पहिल्या भेटीचं आहे, एवढंच मी आत्याला फोनवर सांगितलं. काकांना सांगण्याचं काम तिने आनंदाने स्वतःकडे घेतलं.

आता आकड्यांकडे येते, कारण माझा खरा गोंधळ तिथे झाला. पाठ्यपुस्तकात आपण वाचलेलं असतं की सिकल सेलमध्ये बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं. हा फरक व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७मध्ये केंब्रिजला शोधला. जनुकाच्या भाषेत ‘जीएजी’चं ‘जीटीजी’ होतं, एक अक्षर. पण आजच्या डेटाबेसमध्ये त्याच जागी लिहिलेलं दिसतं: सातवं. मला वाटलं, चूक सापडली!

चूक नव्हती. इनग्रॅम यांच्यासमोर रक्तातलं तयार प्रथिन होतं. पेशी बीटा साखळी बनवते तेव्हा सुरुवातीला मेथिओनिन नावाचं एक आम्ल लावते आणि नंतर ते कापून टाकते. तयार साखळीत ते नसतं, म्हणून तयार साखळी मोजणाऱ्याला बदल सहाव्या जागी दिसतो. पुढे जनुकाचा मजकूरच वाचता येऊ लागला. सगळ्या जनुकांसाठी एकच नियम हवा म्हणून आंतरराष्ट्रीय नामकरणाने ठरवलं की मोजणी त्या पहिल्या मेथिओनिनपासून करायची. म्हणून सातवं. अक्षरं मोजली तरी हिशेब जुळतो. प्रत्येक आम्लाला तीन अक्षरं, सहा आम्लांची अठरा, सातव्याचं मधलं अक्षर म्हणजे विसावं. म्हणून आज या बदलाची अधिकृत नोंद ‘विसाव्या जागी ए ऐवजी टी’ अशी असते. त्याच्या शेजारचं, एकोणिसावं अक्षर बदललं तर ‘सी’ नावाचं वेगळं हिमोग्लोबिन तयार होतं. डी-पंजाबचंही तसंच: जुन्या मोजणीत १२१, नव्या मोजणीत १२२.

पोथीत मंगलाचरणाची ओवी धरून मोजायचं की सोडून, असा हा वाद. दवाखान्यातले डॉक्टर आजही सवयीने ‘सहा’ म्हणतात, प्रयोगशाळेचा डीएनए रिपोर्ट ‘सात’ म्हणतो, आणि दोन्ही कागद एकाच पेशंटच्या पिशवीत असतात. पेशंटला वाटतं आपल्याला दोन आजार आहेत. नोंदवही सांभाळणाऱ्याने दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले नाहीत, तर ही गैरसमजूत कुणीच दूर करणार नाही. एचबीव्हारमध्ये ते दोन्ही असतात.

पत्त्याची गोष्ट याहून मजेदार आहे, आणि आमच्याकडच्या लोकांना ती चटकन कळावी. माझ्या दहावीच्या कागदावर जिल्हा छिंदवाडा आहे. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं. सौसर जागचं हललं नाही, जाम नदी तीच, स्टेशन तेच, पण पत्ता बदलला. आमच्या आजोबांच्या लहानपणी हा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. १९५६ नंतरच्या मध्य प्रदेशात ती भोपाळ झाली. एकाच घरात तीन पिढ्यांचे तीन पत्ते.

मानवी जनुकसंचाच्या संदर्भप्रतीचंही असंच आहे. २००९ साली तिची ३७वी आवृत्ती निघाली, २०१३च्या डिसेंबरात ३८वी. मधल्या काळात सुटलेले तुकडे भरले, चुकीचे जोड दुरुस्त झाले, त्यामुळे पुढच्या अक्षरांचे क्रमांक सरकले. सिकल सेलचं ते एक अक्षर ११व्या गुणसूत्रावर ३७व्या आवृत्तीत ५२,४८,२३२ या जागी आहे आणि ३८व्या आवृत्तीत ५२,२७,००२ या जागी. एकवीस हजारांहून जास्त अक्षरांचा फरक, आणि अक्षर मात्र तेच. एखाद्या संशोधकाने आवृत्ती न सांगता नुसता आकडा दिला, तर तो ‘ज्ञानेश्वरी, पान २१२’ असा संदर्भ देण्यासारखा आहे. कुठली प्रत? कुठलं प्रकाशन? आमच्या सरांनी असा संदर्भ देणाऱ्याचे दोन गुण कापले असते. इथे त्याची किंमत जास्त पडते. चुकीच्या आवृत्तीवर आकडा ठेवला तर तुम्ही दुसऱ्याच अक्षरावर बोट ठेवता आणि निरोगी माणसाला आजारी ठरवता, किंवा उलटं.

यावर उपाय म्हणून डेटाबेसवाले न बदलणारे क्रमांक देतात. हे सिकल सेलचं अक्षर एका मोठ्या अमेरिकन संग्रहात ‘आरएस ३३४’ या नावाने आहे. जागा सरकली तरी ३३४ हा क्रमांक सरकत नाही. समजा दोन माणसांनी एकाच बदलाची वेगवेगळी नोंद केली आणि दोन क्रमांक पडले, तर पुढे ते एकत्र करतात. जुना क्रमांक टिकतो, नवा त्याच्याकडे बोट दाखवत उभा राहतो. क्रमांक रद्द होतो, पण दुसऱ्याला दिला जात नाही. आपल्या ग्रंथालयात एकदा हरवलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला दिला गेला होता, तेव्हा काय झालं ते आपल्यापैकी काहींना आठवत असेल.

हे काम करतं कोण? बहुतेकांना वाटतं की यंत्र करतं. यंत्र मदत करतं, पण वाचायला माणूसच लागतो. नवा शोधनिबंध येतो. संपादक तो वाचतो, लेखकाने दिलेला बदल संदर्भप्रतीवर ठेवून पाहतो. त्या जागी खरंच ते मूळ अक्षर आहे का? नसेल तर लेखकाने मोजणी चुकवली आहे, त्याला पत्र लिहायचं. असेल तर पाहायचं की हा बदल आधी दुसऱ्या नावाने आला आहे का. मग रक्तातल्या लक्षणांची माहिती, यंत्रात तो कुठल्या वेळी बाहेर पडतो ती माहिती, कुठल्या लोकांत सापडला, आणि निबंधाचा संदर्भ. ही यंत्रातली वेळ वगैरे नीरस वाटते, पण मुलाच्या रिपोर्टवरचा जास्तीचा उंचवटा ओळखला गेला तो अशाच नोंदींच्या जोरावर. जुन्या पद्धतीच्या चाचणीत ‘एस’ आणि ‘डी’ एकाच जागी येऊन बसतात, एका पाटावर दोन पाहुणे. वेगळे करायला दुसरी चाचणी लागते, हेही नोंदीतच लिहिलेलं असतं.

आनुवंशिक आजारांचा सगळ्यात जुना मोठा कोश व्हिक्टर मॅकुसिक यांचा. १९६६ साली पुस्तक म्हणून निघाला, १९८७ साली ऑनलाइन झाला. त्याच्या नावात मेंडेल आहे, ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठातला आपला मेंडेल, म्हणून मला त्याच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी. त्यात सिकल सेल आजाराचा क्रमांक ६०३९०३ आहे आणि बीटा ग्लोबिन जनुकाचा १४१९००. सुरुवातीचा एक किंवा सहा हा आकडा पूर्वी मला उगीच वाटायचा. पण १५ मे १९९४ नंतरच्या नव्या नोंदी सहापासून सुरू होतात, त्याआधी पहिल्या आकड्यावरून आनुवंशिकतेचा प्रकार सांगत. पुढे ती वर्गवारी अपुरी पडली. तरी जुने क्रमांक त्यांनी बदलले नाहीत. प्रत्येक नोंदीच्या तळाशी ती कुणी कधी लिहिली आणि कुणी कधी दुरुस्त केली याची यादी असते. आपल्या किती मराठी ग्रंथांच्या आवृत्त्यांत दुरुस्तीची अशी तारीखवार कबुली असते? मी शोधतेय.

कधी कधी दुरुस्ती भलत्याच कारणाने करावी लागते. काही जनुकांची नावं इंग्रजीत ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती. एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा व्हायच्या. १ मार्च, १ सप्टेंबर. प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या तक्त्यांतही जनुकांच्या जागी तारखा छापल्या गेल्या. शेवटी २०२०च्या सुमारास नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलून ‘मार्चएफ १’, ‘सेप्टिन १’ केली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा बाळाचं नाव बदलणं सोपं!

आणि पैसे. संशोधनाला पैसे मिळतात, सांभाळायला मिळत नाहीत. अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीच्या जनुकांचा डेटाबेस १९९९पासून अमेरिकन सरकारी निधीवर चालत होता, जगभरचे वनस्पतीशास्त्रज्ञ तो वापरत होते. २०१३ साली निधी संपला आणि तो वर्गणीवर चालवावा लागला. मराठी नियतकालिकांच्या वाचकाला यात नवीन काही वाटायचं नाही.

मला खरा प्रश्न पडला तो ‘कुठल्या लोकांत सापडला’ या रकान्यापाशी. संशोधकाला तो लागतो. आमच्या भागात गोंड आणि इतर काही समाजांत सिकल सेल जास्त आढळतो, ही माहिती नसेल तर शिबिर कुठे लावायचं हे कळणार नाही. पण तोच रकाना गावात उतरतो तेव्हा त्याचं ‘त्या लोकांचा आजार’ होतं. आमच्या घरात तेच झालं होतं. ताईचा रिपोर्ट आला तेव्हा एक नातेवाईक म्हणाल्या, “हा आपल्यात कसा आला?” जणू बाप्तिस्मा घेतला की रक्तातलं अक्षर बदलतं. आपण बहुतेक जण दोन-चार पिढ्यांपूर्वीचे इथलेच, याच मातीतल्या याच समाजांतले. अक्षर पिढीतून पिढीत येतं, ते जात विचारत नाही आणि धर्मही विचारत नाही. त्या रकान्यात काय लिहायचं आणि किती लिहायचं, हा प्रश्न तांत्रिक नाही असं माझं मत आहे. आता भारताची स्वतःची साठवणही उभी राहते आहे. फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती ठेवली आहे आणि जानेवारी २०२५मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाली, पण मागेल त्याला नाही, अर्ज करून. हे मला योग्य वाटतं.

ताईकडे परत येते. ती ‘एस’ची वाहक, तो ‘डी-पंजाब’चा. दोघंही ठणठणीत. पण प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता अशी की बाळाला आईकडून एस आणि वडिलांकडून डी मिळेल, आणि हे दोन एकत्र आले तर तो सिकल सेल आजारच असतो, चांगला तीव्र. ‘निगेटिव्ह’ हा एक शब्द हे सगळं झाकून बसला होता.

लग्न मोडायचं का, असं दोन्ही घरांत कुजबुजलं गेलं. दोघं नागपूरला समुपदेशनाला गेले, तिथून आल्यावर धर्मगुरूंशीही बोलले. गर्भातल्या बाळाची तपासणी करता येते, पण त्यानंतर जो प्रश्न समोर येतो तो आपल्या श्रद्धेत सोपा नाही. तो त्यांचा आहे, त्यावर मी इथे लिहिणार नाही. त्यांनी लग्न करायचं ठरवलं आहे. मृग बहाराची संत्री उतरली की तारीख धरायची असं चाललंय, चर्चमध्ये तीन रविवार घोषणा व्हायची बाकी आहे.

मागच्या महिन्यात मी घरी गेले होते तेव्हा ताईने तिचं कार्ड पुढे केलं. म्हणाली, “मागच्या बाजूनं लिहून दे, डॉक्टर बदलला तरी त्याले समजलं पायजे.” मी बारीक अक्षरात लिहिलं: आई, बीटा ग्लोबिन, जुना क्रमांक ६, नवा क्रमांक ७. वडील, जुना १२१, नवा १२२, डी-पंजाब, म्हणजेच डी-लॉस एंजेलिस. खाली तारीख घातली. तिने ते वाचलं आणि विचारलं, “अन् तुही सही?”

मी सही केली.